पेटी, घड्याळ आणि वही

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांचा एक निबंध 2003 साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला. हर्नियाच्या ऑपरेशनात पोटाच्या भिंतीला आधार म्हणून जी जाळी बसवतात, तिच्या जागी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं तर चालतं का, हा त्याचा विषय. कंपनीच्या जाळीला हजारो रुपये पडायचे आणि मच्छरदाणीचा तेवढाच तुकडा काही रुपयांत निघायचा. ही कल्पना ऐकून हसणारे पुष्कळ होते. पण पुढे 2016 मध्ये पूर्व युगांडातल्या 302 पुरुषांवर झालेली अशीच एक चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया उलटला होता, महागड्या जाळीच्या गटात कुणाचाच नाही. संशोधकांनी दोन्ही जाळ्यांना सारखाच कौल दिला.

दोंडाईचाची ही गोष्ट सांगताना लोक मच्छरदाणीपाशी थांबतात. मला त्यात मच्छरदाणीइतकीच वही महत्त्वाची वाटते. स्वस्तात काहीतरी जमवून वेळ मारून नेणारे आपल्याकडे कमी नाहीत. टोणगावकरांनी आणि सहकाऱ्यांनी नोंदी ठेवल्या, एकापेक्षा जास्त ठिकाणच्या रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला आणि तो इतरांनी तपासावा म्हणून छापला. त्यामुळे जुगाडाचं शास्त्र झालं. या पुस्तिकेच्या पुढच्या पानांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव करण्यासाठी घरगुती पेटी कशी बनवायची, तिच्यावर काय करायचं आणि केलेलं कसं मोजायचं हे सांगितलं आहे. ती पानं याच वाटेवरची आहेत. म्हणून त्यांची ओळख करून देताना सुरुवात खानदेशातूनच करणं मला योग्य वाटलं.

‘डॉक्टर, दुर्बिणीनं होईल ना?’ हा प्रश्न आता जळगाव-धुळ्यात काय, चोपडा-साक्रीतही पहिल्याच भेटीत येतो. पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, हर्निया, गर्भपिशवी. रुग्णाला मोठा छेद नको असतो आणि चौथ्या दिवशी शेतावर नाही तरी निदान दुकानात बसायचं असतं. मागणी रास्त आहे. पण ती पुरी करणाऱ्या हाताला काय शिकावं लागतं, याची कल्पना रुग्णाला नसते आणि पुष्कळदा एमएसला प्रवेश घेतलेल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटलाही नसते.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात डोळा, हात आणि अवयव एका रेषेत असतात. दुर्बिणीत ही रेषा मोडते. हात पोटाबाहेर, हत्याराचं टोक आत, आणि नजर भलतीकडे टांगलेल्या मॉनिटरवर. हत्यार एक फुटाहून लांब असतं आणि ते पोटाच्या भिंतीतल्या पाच किंवा दहा मिलिमीटरच्या पोर्टमधून आत जातं. त्या भोकाशी त्याची तरफ होते. मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जातं, मूठ वर उचलली की टोक खाली उतरतं. शिवाय पडदा सपाट, त्यामुळे खोलीचा अंदाज नाही. बोटाला ऊतीचा जो स्पर्श कळतो, त्यातला फार थोडा त्या लांब दांड्यातून पोचतो. विहिरीत पडलेली कळशी गळ टाकून काढणाऱ्याला दोराच्या टोकाशी काय अडकलं ते हातानं ओळखावं लागतं, तसलाच हा प्रकार. हे उलटं गणित पाठांतरानं येत नाही. मेंदूला ते शेकडो वेळा करूनच अंगवळणी पडतं. प्रश्न एवढाच उरतो की ते शेकडो वेळा कुणाच्या पोटात करायचं.

या विद्येचा इतिहास पाहिला तर सरावाची पेटी तिच्याबरोबरच जन्माला आलेली दिसते. जर्मनीतल्या कील इथले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी 1980 मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. या उपद्व्यापाबद्दल त्यांच्यावर कारवाई करावी असं तिथल्या मोठ्या सर्जन मंडळींना वाटलं होतं. त्याच झेम यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘पेल्व्हीट्रेनर’ नावाची पेटी तयार केली, हत्यारांसाठी भोकं असलेली, आत नमुना ठेवायची सोय असलेली. एरिश म्युहे यांनी 1985 मध्ये बोब्लिंगेनला दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं. भारतात ते काम 1990 मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केलं. उडवाडियांचा उल्लेख इथे फक्त पहिलेपणासाठी करत नाही. ते 1972 पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते, आणि ज्या देशात स्कॅनची सोय नाही, रुग्णाला महिनाभर खाटेवर पडून राहणं परवडत नाही, तिथेच या तंत्राची खरी गरज आहे, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. श्रीमंतांचं खेळणं म्हणून हिणवलेली गोष्ट गरिबाच्या उपयोगाची आहे, हे म्हणायला त्या काळी धाडस लागत होतं.

पुढे तंत्र इतक्या झपाट्यानं पसरलं की शिक्षण मागे पडलं. शनिवार-रविवारचा कोर्स करून सोमवारी पित्ताशय काढणारे सर्जन अमेरिकेतही होते. पित्तनलिका कापल्या जाण्याचं प्रमाण वाढलं, तेव्हा 1992 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला नियम घालावा लागला: एकट्यानं करण्याआधी जाणत्याच्या देखरेखीखाली किमान 15 केसेस. म्हणजे शिकण्याची वळणरेषा रुग्णांच्या अंगावरच चढली जात होती, फक्त आता तिला आकडा मिळाला.

आपल्याकडे काय आहे? धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय आणि एसीपीएम, जळगावात डॉ. उल्हास पाटील महाविद्यालय आणि 2018 मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय; शेजारी नंदुरबारलाही आता सरकारी महाविद्यालय झालं. सगळी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली. एका पिढीपूर्वी एमएस व्हायला मुंबई-पुणे-औरंगाबाद गाठावं लागायचं, त्या मानानं ही मोठीच मजल आहे. पण खानदेशातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात एक रात्र काढा. महामार्गावरचा अपघात, आतड्याला पडलेलं भोक, विळ्याचा वार, सडलेला मधुमेही पाय. तातडीच्या केसेस आटोपेस्तोवर टेबल मोकळं होत नाही, आणि ठरवलेलं दुर्बिणीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर जातं. ते झालंच तर रेसिडेंटच्या वाट्याला कॅमेरा धरणं येतं. ‘केस मिळत नाही’ हे वाक्य वसतिगृहाच्या जिन्यात जितक्या वेळा ऐकू येतं तितकं दुसरं कुठलं येत नसेल. आणि शेवटच्या वर्षाला केस मिळते तेव्हा ती त्या हाताची जवळजवळ पहिलीच असते.

इथे कुणीतरी सुश्रुताचं नाव काढतंच, म्हणून मीच काढतो. सूत्रस्थानात सरावाचा स्वतंत्र अध्याय आहे. छेद द्यायला कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. शिवायला कापड आणि मऊ कातडं. शीर वेधायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचा देठ. शास्त्र कितीही पढला तरी ज्यानं असा सराव केला नाही तो कामाला अपात्र, असा त्याचा आशय. आपल्या परिषदांच्या उद्घाटनात हा अध्याय हमखास निघतो, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी कोहळा कुणी विकत आणत नाही.

आता स्वस्त पेटीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. संगणकावर चालणारे आभासी सिम्युलेटर असतात. त्यांत पडद्यावर रक्त वाहतं, यकृत हलतं, शेवटी यंत्रच गुण देतं. ते उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. येल विद्यापीठातल्या 16 रेसिडेंटांवरचा 2002 चा प्रयोग प्रसिद्धच आहे: आभासी यंत्रावर तयार झालेल्यांनी खऱ्या रुग्णाचं पित्ताशय यकृतापासून 29 टक्के लवकर सोडवलं, आणि सराव न केलेल्या गटाकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. पण अशा यंत्राची किंमत लाखांच्या मोठ्या आकड्यात, वर देखभालीचा वार्षिक करार. त्यामुळे ‘परवडेल तेव्हा घेऊ, तोवर पेटीवर भागवू’ अशी आपली मनोवृत्ती झाली आहे. पेटी म्हणजे गरिबाची तडजोड.

वस्तुस्थिती उलट आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेराल्ड फ्राइड आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात एक सराव-पद्धत बसवली. तिच्यावरून अमेरिकन दुर्बीण-सर्जनांच्या संघटनेनं 2004 मध्ये ‘एफएलएस’ ही परीक्षा आणली, आणि 2009–10 पासून अमेरिकेत सर्जन म्हणून प्रमाणपत्र हवं असेल तर ती उत्तीर्ण होणं सक्तीचं झालं. या परीक्षेचं प्रात्यक्षिक कशावर घेतात? एका साध्या पेटीवर. आत कॅमेरा, दोन भोकं, खुंट्यांची पाटी, कापसाच्या जाळीचा तुकडा, रबराची नळी. संगणकाचं रक्त नाही की यकृत नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत आरोग्यव्यवस्थेनं जी वस्तू परीक्षेला लावली, ती जळगावच्या एमआयडीसीत एका दुपारी जुळवता येते. अर्थात त्यांच्या प्रमाणित संचाला पैसे भरपूर पडतात. आपण बोलतोय ते तत्त्वाबद्दल.

ती जुळवायची कशी हे पुस्तिकेत सचित्र आहे, तरी दोन-चार गोष्टींवर बोट ठेवतो, कारण बहुतेक घरगुती पेट्या तिथेच फसतात. धान्य ठेवायचा झाकणाचा अपारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा. पारदर्शक घेतला की नजर चोरून थेट आत जाते आणि सरावाचा अर्थच संपतो. झाकणाला दोन भोकं, त्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून मध्ये चीर. हत्यारं आत गेल्यावर त्यांच्या टोकांमधला कोन साठ अंशांच्या आसपास यावा, त्यानुसार भोकांमधलं अंतर धरावं. उजेडाला एलईडीची पट्टी. कॅमेरा वायरचा असावा. वायफायवरून मोबाइलचं चित्र टीव्हीवर घेतलं की हात हलल्यावर किंचित वेळानं चित्र हलतं, आणि तेवढी दिरंगाई हाताला चुकीची सवय लावायला पुरते. डबा नेहमीच्या टेबलावर ठेवून खांदे वर काढून काम करू नये. हत्यारांच्या मुठी कोपराच्या पातळीला याव्यात, म्हणजे टेबल बुटकं हवं. खुंट्यांसाठी प्लायवुडच्या फळीवर बारा खिळे. कड्यांसाठी आपल्याकडे ठिबकच्या नळीला तोटा नाही. सोळा मिलिमीटरच्या नळीच्या चकत्या कापल्या की झालं. गाठ मारायला रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट. आणि टाके घालायला रावेर-यावलची केळी. केळ्याच्या सालीवर चीर देऊन ती शिवायची, मग साल सोलून बघायची. सुई जिथे खोल गेली तिथे गरावर ठिपका उमटलेला असतो. या परीक्षकाला वशिला लावता येत नाही.

पहिला व्यायाम दिसायला पोरखेळ आहे. सहा कड्या एका बाजूच्या खुंट्यांवर. डाव्या हातातल्या ग्रास्परनं, म्हणजे लांब चिमट्यानं, एक उचलायची, हवेतल्या हवेत उजव्या हातातल्या ग्रास्परकडे द्यायची, पलीकडच्या खुंटीवर बसवायची. सहाही झाल्या की तसंच परत. नवशिक्याची पहिली कडी उचलायलाच मिनिट जातं, कारण चिमटा कडीच्या पुढे किंवा मागे हवेत मिटत राहतो. सपाट चित्रातली खोली मेंदूला अजून वाचता येत नसते. मग कडी सापडते, पण देताना दुसरा हात उलटीकडे जातो, कडी पडते, घरंगळते, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाते. तिथे दंड. एफएलएसच्या तयारीसाठी तज्ज्ञांच्या वेगावरून बसवलेलं उद्दिष्ट या व्यायामाला 48 सेकंद आहे, जाळीवर आखलेलं वर्तुळ कापायला 98, आणि आतल्या आत टाका घालून गाठ मारायला 112. पहिल्या दिवशी हे आकडे वाचून हसू येतं. नियमित बसणाऱ्याला ते गाठता येतात.

आणि इथेच वही येते. माझं या विषयात एकच म्हणणं आहे: पेटी स्वस्त करणं हा सोपा भाग झाला, मोजण्याची शिस्त आणणं हा अवघड. तारीख, व्यायाम, वेळ, चुका, बस्स चार रकाने. ते नसतील तर पेटी हे खेळणं, आणि थोड्या दिवसांत कपाटावर चढणारं खेळणं. वेळेबरोबर हाताची जात मोजायची असेल तर मॅकगिलचीच एक गुणपद्धत आहे. तिच्यात खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, वायफळ हालचाली टाळणं, ऊतीला हळुवार हाताळणं आणि स्वतंत्रपणे काम पुरं करणं अशा पाच बाबींना पाचपैकी गुण देतात, एकूण पंचवीस. परीक्षकाला शेजारी उभं राहावं लागत नाही. मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, नाव झाकावं, आणि धुळ्याचा जळगावला, जळगावचा धुळ्याला पाठवावा. आपल्या युनिटच्या मुलाला आपणच गुण दिले की सगळे प्रथम वर्गात येतात, हे कोण जाणत नाही?

व्हिडिओवरच्या गुणांना कमी लेखू नये. मिशिगन राज्यात लठ्ठपणाची दुर्बीण-ऑपरेशनं करणाऱ्या 20 सर्जनांनी आपापल्या एका ऑपरेशनचा व्हिडिओ दिला, समव्यवसायींनी तो नाव न कळता तपासला. सर्वांत कमी गुणांच्या चतुर्थांशातल्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण 14.5 टक्के निघालं, वरच्या चतुर्थांशात 5.2. हे 2013 साली छापून आलं. सगळे प्रमाणपत्रधारक, सगळे अनुभवी. हाताचा फरक डोळ्यांना दिसतो आणि तो रुग्णाला भोवतो, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच मांडलं गेलं असेल.

दुसरी गोष्ट सरावाच्या वाटणीची. आपल्याकडे कौशल्य म्हणजे दोन दिवसांचं वर्कशॉप, एक पिशवी, एक प्रमाणपत्र आणि शेवटी ग्रुप फोटो असं समीकरण झालंय. 2006 मध्ये छापून आलेल्या टोरांटोतल्या एका प्रयोगात 38 रेसिडेंटांना सूक्ष्म रक्तवाहिन्या शिवायला शिकवलं. निम्म्यांना चारही सत्रं एकाच दिवशी, निम्म्यांना आठवड्याला एक. एकूण वेळ सारखाच. महिन्यानं परीक्षा घेतली तेव्हा आठवड्यावारी शिकलेले सरस ठरले. म्हणजे इंदूर, पुणे, कोइमतूरला जाऊन आलेल्याचा पैसा वाया गेला असं नाही, पण परतल्यावर आठवड्याला दोनदा अर्धा-पाऊण तास पेटीपाशी बसला नाही तर तो हळूहळू वाया जातो. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं आता प्रत्येक महाविद्यालयाला कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक केली आहे, हे चांगलंच झालं. मी अशा एका प्रयोगशाळेत गेलो होतो. सामान झकास होतं, बरंचसं प्लास्टिकच्या वेष्टनातच. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर, आणि उघडायची वेळ दहा ते पाच, म्हणजे नेमकी रेसिडेंट ओटीत किंवा वॉर्डात असतो ती. पेटी वसतिगृहात हवी, रात्री साडेदहाला हाताशी येईल अशी.

पेटीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर तिचे भक्त तिची पूजा मांडतील. पेटीत रक्त येत नाही. सुजून घट्ट चिकटलेल्या पित्ताशयाशी शरीररचना कशी फसवते, हे खिळे आणि कड्या शिकवणार नाहीत. खाटकाकडून पित्ताशयासकट आणलेली बकऱ्याची कलेजी थोडं शिकवते, तेही पूर्ण नाही. नलिका आणि धमनी दोन्ही निर्विवाद दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, आणि दिसतच नसतील तर कमीपणा न मानता पोट उघडायचं, ही अक्कल वरिष्ठांच्या शेजारी उभं राहूनच येते. पेटी एवढंच करते की तो वरिष्ठ शेजारी उभा असताना विद्यार्थ्याचं डोकं ‘चिमटा कुठे गेला’ यात अडकत नाही. ते रचना ओळखायला मोकळं राहतं. माझ्या मते एवढं पुष्कळ झालं.

पुस्तिका वाचणाऱ्या रेसिडेंटला सांगणं असं की पहिलं प्रकरण वाचून लगेच डबा आणा. दुसरं प्रकरण डब्यावर हात ठेवूनच समजतं. विभागप्रमुखांना विनंती की ठरावीक गुण वहीत दिसल्याशिवाय कुणाच्याही हातात खऱ्या रुग्णाच्या पोटातलं हत्यार देऊ नका, आणि वही दाखवणाऱ्याला केस नाकारू नका. दुसरी बाजू पाळली नाही तर पहिली टिकणार नाही. आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खासगी सर्जन मित्रांनो, तुमच्या ओटीत वेष्टन फाटलेले ग्रास्पर आणि ढिले नीडल होल्डर पडून असतात. विजेचा प्रवाह गळण्याच्या किंवा सुई निसटण्याच्या भीतीनं ते रुग्णासाठी बाद झाले, पण पेटीत हत्याराला वीज जोडत नाहीत आणि निसटलेल्या सुईनं कुणाला इजा होत नाही. ते भंगारात घालू नका. नीट निर्जंतुक करा, मुठीवर लाल रंगानं ‘फक्त सरावासाठी’ असं लिहा, म्हणजे चुकूनही ओटीत परतणार नाहीत, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या शस्त्रक्रिया विभागात पोचते करा. पेटीतली सर्वांत महाग वस्तू तीच असते.